थोरल्या खडपाकडचं पाणी

मालवणच्या मासळीबाजारात शर्मिलाबाई रावराणे शिरल्या की मासे विकणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. बाई बांगड्याचा कल्ला उचलणार, लाली बघणार, पोट दाबणार, वास घेणार आणि एवढं करून वर विचारणार, "बर्फातले नाय मा?" मथुरा कोयंडे एकदा वैतागून म्हणाली होती, "बाई, बांगड्यान स्वता तोंड उघडून सांगल्यान तरी तुमका पटाचा नाय." बाईंना राग आला नाही. तोंड उघडणारा बांगडाही खोटं बोलू शकतो, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

हा स्वभाव त्यांनी माहेराहून आणला. वैभववाडीजवळच्या एका गावात त्यांच्या वडिलांची भातखाचरं आणि काजूची बाग. टिचकी मारून फणस पिकला की नाही ते सांगणाऱ्यांना वडील हसत. टवका काढून आत बोट घातल्याशिवाय ते फणसाला पिकला म्हणत नसत. त्यामुळे त्यांच्या घरच्या प्रत्येक फणसाला भोक असे आणि त्या भोकातून माणसांच्या आधी मुंग्या जेवून जात. पण माणूस कधी फसला नाही. लेकीनं हे सगळं बघितलं आणि उचललं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे. विश्वेशनं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, लग्नानंतर काही वर्षं औषध शोधलं आणि मग नाद सोडला. तो हायस्कुलात गणित शिकवतो. "तुला माझाही संशय येतो का गं?" असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्यात काय आहे संशय घेण्यासारखं?" बिचारा दोन दिवस गप्प होता.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक बघायचा नाद त्यांना तिथंच लागला. प्लवक म्हणजे समुद्रात तरंगणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे बारीक जीव. चूळभर पाण्यातसुद्धा ते असतात आणि आपल्याला कळत नाही, म्हणून आपण सुखानं पोहतो. बाईंचं प्रेम त्यातल्या कोपेपॉड नावाच्या जिवांवर. बारीक रव्याच्या कणाएवढा देह, लांब मिशा आणि कपाळावर एकच डोळा. त्यांच्या जाती ओळखायच्या त्या पायांवरून, विशेषतः नराच्या पायांच्या पाचव्या जोडीवरून. ती जोडी सुईच्या टोकानं अलग करायची आणि त्याच्यावरचे काटे, केस, वाक तपासायचे. असल्या कामात भोळ्या माणसाला जागा नाही. भोळा माणूस रोज सकाळी नवी जात शोधतो आणि संध्याकाळपर्यंत तोंडघशी पडतो. वेगळा दिसणारा जीव बहुतेक वेळा जुनाच निघतो. कुणाचं तरी अर्धवट वाढलेलं पोर, नाहीतर जाळीत पाय मोडलेला. घरात सगळ्यांना जाच झालेला बाईंचा स्वभाव इथं मात्र गुणच ठरला.

अडचण एकच होती. बाईंना बोट लागायची. होडीत पाय ठेवला की पोटातलं तोंडात. त्यामुळे पाणी आणायचं काम त्यांनी सर्जेकोटच्या बाबू कोयंड्याला सांगितलं. बाबू म्हणजे मथुरेचा नवरा, साठीला टेकलेला, स्वतःच्या लहान होडीवर एकटाच जाणारा. टोपीसारखी निमुळती, मलमलीहून बारीक विणीची जाळी आणि तिच्या टोकाला बाटली, असं साधन बाईंनी त्याला दिलं. होडीमागं ती जाळी सावकाश ओढायची आणि परत आल्यावर बाटली बाईंच्या हाती द्यायची.

पहिल्याच सकाळी बाई किनाऱ्यावर गेल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "बाबूकाका, आज खंय चाललास?"

बाबूनं हातातलं वल्हं खाली ठेवलं. वाळूवर बसला, विडी पेटवली, ती संपेपर्यंत समुद्राकडे बघत राहिला. मग उठला आणि पाण्यातल्या मोठ्या खडकाकडे हनुवटी करून म्हणाला, "थोरल्या खडपाकडे."

दर्यावर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, अपशकुन होतो आणि तो जायला थोडं बसावं लागतं, हे किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण बाई घाटाच्या पायथ्याच्या, भातखाचरातल्या. त्यांना कोण सांगणार? त्या दर खेपेला विचारायच्या, बाबू दर खेपेला खाली बसून विडी ओढायचा आणि दर खेपेला थोरलं खडप म्हणायचा. बाई बाटलीवर चिठ्ठी चिकटवायच्या: थोरलं खडप.

त्या चिठ्ठ्यांनी बंदरावर डोकी उठवली. "ही बाई सर्वेवाली," असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. कुठलंतरी आरक्षण येणार, कुठलातरी प्रकल्प येणार, अशी कुजबूज किनाऱ्यावर बारमाही चालूच असते. "आधी बाटली येता," जाळी विणता विणता एकजण म्हणाला, "मगे नकाशो येता, मगे 'हंय जाळा टाकू नये' म्हणान बोर्ड येता." बाई आल्या की बोलणं थांबायचं. बाईंना वाटायचं, ही माणसं माझ्यापासून काहीतरी लपवतात. दोन्ही बाजूंना तितकाच संशय असल्यामुळे व्यवहार मात्र अगदी सुरळीत चालला होता.

अशाच एका बाटलीत तो सापडला. एकच नर. त्याचा उजवा पाचवा पाय टोकाला मागं वळलेला आणि त्या वळणावर दातऱ्या काठाचं एक पातं. बाईंनी तो पाय उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. पाय मोडून तसा झाला असेल म्हणून मोडीची खूण शोधली. पोर असेल म्हणून वय तपासलं. मिळेल ते सगळं छापील साहित्य पालथं घातलं. असा पाय कुणाचाच नव्हता. बाईंना आनंद झाला आणि झाल्याबरोबर त्यांनी त्या आनंदावरही संशय घेतला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तेव्हा कुठं त्यांनी गोव्यातल्या एका संशोधन संस्थेतले डॉ. गुरुदास प्रभुदेसाई यांना चित्र पाठवलं. या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानतात. बाईंनी पाठवलेल्या चित्रात उजवा पाय नव्हता. चोरला तर?

डॉक्टरांचा फोन आला. "बाई, तुम्ही जो पाय नवा म्हणता, तोच चित्रात नाही."

"तो मी घेऊन येते," बाई म्हणाल्या.

वेंगुर्ल्यावरून पणजीला जाणाऱ्या एसटीत त्या मांडीवर डबा धरून बसल्या. डब्यात कापूस, कापसात कुपी, कुपीत रव्याचा कण. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बराच वेळ बसले. बाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या. कुपी बदलली तर कळायला हवी.

"नवा असावा," अखेर डॉक्टर म्हणाले. तो माणूस एवढं म्हणणं म्हणजे दुसऱ्या कुणी ढोल वाजवण्यासारखं. पण लगेच पुढं म्हणाले, "एक नर म्हणजे नुसती अफवा. त्याच जागी पुन्हा सापडला पाहिजे. नर हवेत, माद्या हव्यात. या वेळी तुम्ही स्वतः जा. आणि जागा नेमकी लिहून द्या. नाव, संग्रहालयात ठेवलेला नमुना आणि जागा, या तिन्हींवर जात उभी राहते."

जागा कशाला हवी याला, हा प्रश्न बाईंच्या मनात आलाच.

त्या थोरल्या खडपाकडे गेल्या. उलटीची गोळी घेतली, लिंबू हुंगत बसल्या, तरी कोरडे उमाळे येत राहिले. बाबू निमूटपणे होडी चालवत होता. जाळीत पुष्कळ जीव आले. तो आला नाही. पुन्हा गेल्या, पुन्हा नाही. भरती बघून, ओहोटी बघून, लांबून, जवळून, सगळं करून झालं. परतताना बाबू त्यांच्याकडे न बघता म्हणायचा, "पाणी बदालता, बाई."

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "बाटल्यांची अदलाबदल तर झाली नसेल?"

डॉक्टरच पुढं म्हणाले,

"मासेमारीची बंदी लागेपर्यंत बघा. नाही मिळाला तर हे इथंच ठेवू या. उगाच लोक म्हणतील, कुठूनतरी आणलेला नमुना बाईंनी मालवणचा म्हणून दाखवला."

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे कल्ले उचलून बघितले, आता कुणीतरी त्यांचा कल्ला उचलून नाक मुरडलं होतं. पावसाळी बंदी तोंडावर आली होती. होड्या वर ओढल्या की त्यांचं नाव लबाड म्हणून पक्कं होणार होतं. मग संशयाची चक्की फिरू लागली. प्रयोगशाळेचं कुलूप बदललं. "माझ्या बाटल्यांना हात लावलास का?" असं विश्वेशला विचारलं. त्यानं नुसते हात जोडले. डॉक्टरांनीच काही घोळ घातला असेल का, हेही त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या तपासून बघितलं. फक्त बाबूवर बोट गेलं नाही, कारण पाणी आणणाऱ्याला पाण्यात काय रस?

शेवटी त्यांनी जुनी बाटली पुन्हा काढली आणि तळाशी उरलेला गाळ बशीत ओतला. आजवर त्या फक्त आपल्या नराच्या भाईबंदांकडे बघत होत्या. आता बाकीचे कोण आहेत ते बघू लागल्या. त्यात काचेसारखी पारदर्शक, चपटी, लांब पायांची पोरं होती. पुष्कळ होती. शेवंडाची, म्हणजे लॉबस्टरची, पोरं, नुकतीच अंड्यातून सुटलेली. थोरल्या खडपाकडून स्वतः आणलेलं पाणीही त्यांनी बघितलं, त्यात असं एकही पोर नव्हतं. म्हणजे हे पाणी तिथलं, जिथं खाली शेवंडांची वस्ती आहे. आणि सगळ्या बंदरात दर हंगामाला शेवंड घेऊन येणारा माणूस एकच होता.

बाबू वाळूवर जाळं सांधत बसला होता. बाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"बाबूकाका, ह्या पाणी थोरल्या खडपाकडचा नाय."

"मगे खंयचा?"

"तुमका शेवंडां गावतत थंयचा."

बाबूच्या हातातली सुई थांबली. "कोणी सांगल्यान?"

"शेवंडाच्या पोरांनी."

बाबू हसला नाही. त्यानं आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. मग म्हणाला, "दर्यार निघालेल्या माणसाक आमच्यात खंय म्हणान कोण विचारीत नाय. विचारूक नाय, तर खोटा बोलूचा लागणा नाय. तुमी रोज विचारलास. मी रोज बोललंय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं आणि शरमेचं. "आनी मी ता लिवन काढलंय. तो गोव्याचो डॉक्टर आता माका लबाड म्हणतलो. नाव नको, काय नको, पण लबाडी माझी नाय ओ."

"जागा सांगलंय तर तुमी लिवतलास."

"लिवचाच लागता."

"लिवलेली जागा रवत नाय," बाबू म्हणाला. "आज तुमी लिवतलास, उद्या कोणतरी वाचतलो, परवा थंय बोटी उभ्यो. माझ्या बापसान माका ती जागा सांगूक नाय. दाखयल्यान. खाली थंय गोडा पाणी फुटता. तेवढाच काय ता आसा माझ्याकडे."

बाई वाळूत बसल्या. बंदर त्यांना सर्वेवाली म्हणत होतं ते अगदीच चूक नव्हतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

बाबूनं सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि म्हणाला, "एकदाच न्हेतंय. फोन हंय ठेवचो. होडयेत किनाऱ्याक पाठ करून बसाचा. मान वळवची नाय."

दर्यावरची जागा किनाऱ्यावरच्या खुणांनी ओळखतात. कुठला माड कुठल्या डोंगराच्या खोबणीत बसतो, कुठलं देवळाचं शिखर कुठल्या कड्यामागून डोकावतं. किनारा बघितला नाही तर जागाही दिसली नाही. बाईंनी कबूल केलं. फोन बाबूच्या समोर पिशवीत घालून पिशवी होडीशेजारच्या खोपीत टांगली. पण बाई त्या बाईच. कुर्त्याच्या लांब बाहीखाली विश्वेशचं घड्याळ होतं, पावलं मोजणारं आणि चाललेल्या वाटेची रेघ नकाशावर काढून ठेवणारं.

त्या नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उघड्या समुद्राकडे तोंड करून बसल्या. मागं बाबू इंजिन कमी-जास्त करत होता, स्वतःशी पुटपुटत होता, होडी जरा डावीकडे, जरा उजवीकडे घेत होता. बाईंच्या मानेला कधी नव्हे एवढी कळ लागली. उलटी झाली तीही त्यांनी समोर बघत केली. एकदाही वळल्या नाहीत. मग इंजिन मंदावलं आणि बाबू म्हणाला, "सोडा जाळी."

कॉलेजात येऊन त्यांनी थेंब बशीत घेतला. तो होता. एक नव्हे, कितीतरी. उजवा पाय मागं वळलेला, वळणावर दातऱ्या काठाचं पातं. आणि पोटाखाली अंड्यांच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या माद्या. शर्मिलाबाई सूक्ष्मदर्शकावर डोकं टेकून रडल्या. मग डोळे पुसून सगळ्यांना पुन्हा एकदा तपासलं.

घरी घड्याळ उघडलं तर त्यातही सगळं होतं. बंदरातून निघालेली बारीक रेघ आणि तिच्या टोकाशी गुंतल्यासारखी एक गाठ. बाई त्या गाठीकडे बघत बसल्या. एवढ्यावर जात उभी राहत होती.

दुसऱ्या दिवशी त्या बाबूला सांगायला गेल्या, की सापडला. बाबूनं मान डोलावली आणि होडीतलं पाणी उपसता उपसता विचारलं, "घड्याळात इली काय ती जागा?"

बाईंचा चेहरा उतरला.

"स्कूबावाल्यांच्या हातार असली घड्याळां रोज बघतंय," बाबू म्हणाला. "कुर्त्याच्या बायेखाली दिसा होता."

"मगे न्हेलास कशाक?"

बाबूनं भांडं बाजूला ठेवलं. "माझो झील गोव्याक हाटेलात लागलो. तेका दर्या नको. मी गेलंय की जागा गेली. सांगूची तर नसता. मी सांगूक नाय, तुमी वळान बघूक नाय. घड्याळान काय बघल्यान ता माका ठावक नाय." पुन्हा भांडं उचलत म्हणाला, "आता तुमी काय ता बघा."

आयुष्यभर बाईंनी दुसऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही याचाच काथ्याकूट केला होता. कुणी आपल्यावर ठेवला तर काय करायचं, याची त्यांना सवय नव्हती. घरी येताना त्या रस्ता चुकल्या, मालवणात.

डॉक्टरांना त्यांनी नर पाठवले, माद्या पाठवल्या, चित्रं पाठवली. या वेळी उजव्या पायासकट. जागेच्या ठिकाणी लिहिलं, 'मालवणजवळचा उथळ, खडकाळ समुद्र.'

"हे चालणार नाही," डॉक्टर फोनवर म्हणाले. "यात अर्धा तालुका बसतो. नेमकी जागा ठाऊक नाही का तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"लिहिणार नाही."

"लोक संशय घेतील, बाई."

"घेऊ देत," शर्मिलाबाई म्हणाल्या. "मीसुद्धा घेतला असता."

लेख एकदा परत आला, शेऱ्यासकट. डॉक्टर कुरकुरले, भांडले, अखेर त्यांनीच नकाशावर एक ऐसपैस चौकोन काढून दिला आणि दुसऱ्या एका नियतकालिकानं तो नाइलाजानं मान्य केला. त्याखाली नेहमीसाठी एक टीप लागली, की स्थान अपुरं आहे. जातीच्या नावात मालवण आलं. बाबूचं नाव घालावं असं बाईंच्या मनात होतं, पण बाबूनं कानाला हात लावले. माझं नाव म्हणजे बोट दाखवल्यासारखं, म्हणाला. घड्याळ बाईंनी कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि विश्वेशला दुसरं घेऊन दिलं. का, ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही, शहाणा माणूस.

स्थानिक पेपरात बातमी आली त्याच आठवड्यात बाई बाजारात गेल्या. मथुरेच्या टोपलीशी उभ्या होत्या, तेवढ्यात पर्यटकांना बुड्या मारायला नेणारा ओंकार आला. पोरगा हसतमुख, वागायला गोड.

"बाई, तुमचो तो नवो किडो पेपरात बघलंय. खंय गावलो ओ?"

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "थोरल्या खडपाकडे," त्या म्हणाल्या.

"होय? बरा झाला. थंय न्हेतंय मी लोकांका," म्हणत ओंकार खुशीत निघून गेला.

मथुरा बांगडे मोजता मोजता थांबली होती. तिनं बाईंकडे वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हणजे तुमका ती जागा दाखयल्यान," ती हळूच म्हणाली.

बाईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"लग्न होवन इल्यापासून विचारतंय," मथुरा म्हणाली. "माका पण थोरला खडपच सांगतत."

तिनं बांगडे बाईंच्या पिशवीत टाकायला उचलले. काय करावं ते न सुचून शर्मिलाबाईंनी सवयीनं हात पुढं केला आणि वरच्या बांगड्याचा कल्ला उचलला.

"बघा, बघा," मथुरा म्हणाली. "तुमी तरी काय ता समोर बघतास."